बांगडी वाढली

कासारवाडीत आमच्या गल्लीत घंटागाडीबरोबर एक बाई यायची. बादली रिकामी केली की झाकणावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायची, कुत्र्यांनी तोंड घालू नये म्हणून. पट्ट्या तीच कापून आणायची. म्हणायची, "ताई, कुत्रं तोंडानं कचरा चाळतं, मी हातानं. लागतं दोघांनाबी."

एकदा मी शिळ्या भाताच्या पिशवीत फुटलेली बांगडी टाकली आणि बादलीला पट्टी लावायची विसरले. सकाळी पिशवी गल्लीच्या टोकाला फाटलेली होती. पांढऱ्या कुत्रीच्या तोंडातून रक्त गळत होतं. सांडलेलं भरताना त्या बाईचंही बोट कापलं.

हिरवी काच बघून ती म्हणाली, "कुणाची तरी बांगडी वाढली."

शेजारीण हसली. "रक्त आलं तरी वाढलीच का? फुटली म्हण की!"

"नको बाई. तिचा धनी असंल घरात. फुटली कशाला म्हणू?"

तिचे स्वतःचे हात मोकळे होते. मी माझा हात पदराखाली घेतला.

आता गाडीवर दुसरी माणसं येतात. काच मी कागदात गुंडाळून वेगळी देते. पट्टी तिचीच आहे. ती आवळताना रोज मनात म्हणते, बाई, ती बांगडी माझी होती.