सरदाराला ऊन दाखवलं

आमच्या घरात ओलाव्यावर एकच उपाय, ऊन. सुकट, पापड, गोधड्या. एका पावसाळ्यात भिजलेलं माझं पदवीचं प्रमाणपत्रसुद्धा आईनं ऊन पडताच सुपात वाळवलं होतं. घराण्यातली पहिली पदवी ती. तिच्या कडेला अजून तपकिरी रेघ आहे आणि मी ती तशीच चौकटीत लावली आहे.

तैलरंग शिकायचं मनात आलं ते बाबांमुळे. खाडीकडचा बांध दरवर्षी फुटत होता, बांधायला माणसं उरली नव्हती. त्या उन्हाळ्यानंतर आमचं मिठागर बंद होणार होतं. त्याआधी बाबांना तिथंच, मिठात उभं असलेलं रंगवायचं होतं. पण तालुक्याच्या गावी राहणारे निवृत्त चित्रकला शिक्षक, माझे सर, म्हणाले, "आधी नक्कल. ती जमली की मग बाप."

नकलेसाठी त्यांनी एक जुनं छापील चित्र दिलं. आरमाराचा सरदार होडीतून उतरलाय, एक पाय खडकावर, हातात भाला, मागं समुद्रातला किल्ला. नक्कल नेमकी उतरावी म्हणून मी छापील चित्रावर आणि कॅनव्हासवर चौकोन आखले आणि पडवीत रंगवायला बसले. दुपारी समोरच्या मिठाच्या वाफ्यांत आभाळ उतरायचं. पाण्याचे चौकोन आणि कॅनव्हासचे चौकोन डोळ्यांत एक व्हायचे. वाटायचं, सरदार बांधावरून चालत येतोय आणि बाबा त्याच्या समुद्रात फावडं घालून मीठ ओढतायत. जवसाच्या तेलाच्या वासानं डोकं जड व्हायचं, ब्रश हातातच राहायचा.

बाबा जेवायला आले की चित्रापुढं थांबायचे.

"काय गो, याचं जोडं अजून ओलंच हाय?"

"तैलरंग आहे बाबा. आठ-दहा दिवस लागतात."

"पाण्यातून आलाय ना, म्हणून," म्हणत ते हात धुवायला जायचे.

एक दिवस मी पांढरा रंग आणायला तालुक्याला गेले. परत आले तर पडवी रिकामी. सरदार बांधावर उताणा, चार कोपऱ्यांवर चार दगड. दुपारपासून खाडीवरून वारा सुटला होता. समुद्रभर, किल्ल्यावर, सरदाराच्या गालावर बारीक मीठ आणि धूळ चिकटली होती.

"बाबा, काय केलंस हे!"

"ऊन दाखवलं. तुझी घाई बघवत न्हवती."

त्यांनी गालावरचं मीठ अंगठ्यानं पुसून पाहिलं. गाल कानापर्यंत ओघळला. मी नको ते बोलले. चार बुकं शिकलेल्या लेकीनं बापाला बोलू नये ते. ते फावडं उचलून वाफ्यात उतरले.

दुसऱ्या दिवशी सरांनी चित्र उजेडात धरलं. "खरवडून टाक. पुन्हा नक्कल कर, महिनाभर."

"सर, महिन्यानं बाप असेल, मिठागर नसेल."

"म्हणजे नियम मोडणार?"

"मोडणार."

सरांनी चष्मा पुसायला घेतला. मी दारात पोचल्यावर म्हणाले, "जोड्यांचा रंग मात्र बरा साधलाय."

सकाळी कोरा कॅनव्हास घेऊन मी बांधावर गेले. वाफे इतके निश्चल होते की बगळा कुठला आणि त्याची सावली कुठली, कळेना. बाबांना म्हटलं, "रोज उभा राहतोस तसा राहा."

त्यांनी बंडी झटकली. एक पाय मिठाच्या राशीवर ठेवला, फावडं भाल्यासारखं उभं धरलं, हनुवटी वर केली आणि खाडीपलीकडं नजर लावली.

"बाबा, रोजच्यासारखा!"

"असाच तर उभा राहतो मी," ओठ न हलवता ते म्हणाले.

फावड्यावरच्या अंगठ्याच्या नखाशी सरदाराच्या गालाचा रंग अजून तसाच होता. चौकोन न आखता मी पहिली रेघ ओढली, ती त्या अंगठ्याची.