चाळीस गुलाबांचं सोयर

उभ्या वऱ्हाडात माझ्या साडभावाइतका शहाणा वेडा दुसरा झाला नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावरही सांगत असे. ते नुसते मान डोलवायचे आणि म्हणायचे, "मास्तर, शहाणपन तुमच्या शाळेत ठेवा, आमाले वेड पुरते." ते अमरावतीच्या कचेरीत वकिली करत, मी अकोल्याला शाळेत मुलांना बाराखडी शिकवत असे. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. नात्याने बांधले गेलो म्हणून, नाहीतर अशा माणसाच्या वाटेला मी मुद्दाम गेलो नसतो. आणि गेलो नसतो तर माझं केवढं नुकसान झालं असतं, हे आता कळतं.

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती आणि तिच्या पायी आमच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला होता. लोकांनी ज्वारी मोडून कापसाची पऱ्हाटी लावली, अंबाडी उपटून पऱ्हाटी लावली, एकाने तर म्हणे सासऱ्याच्या समाधीभोवतीही लावली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. काल लंगोटी नेसणारा आज रेशमी फेटा बांधून बाजारात उभा राही आणि फेटा सुटला की परत कसा बांधायचा ते शेजाऱ्याला विचारी. आणि अशा वेळी माझ्या साडभावाने घरामागचा विहिरीलगतचा सगळ्यांत कसदार तुकडा चाळीस गुलाबांना दिला होता. नांदगाव खंडेश्वराकडे त्यांचं शेत होतं, तिथे कापूस भरपूर यायचा, त्यामुळे पैशाची ददात नव्हती. पण कापसाचा विषय काढला की ते जांभई द्यायचे, आणि गुलाबाचा काढला की पक्षकार सोडून उठायचे.

कलमं त्यांनी छावणीतल्या एका साहेबाच्या माळ्याकडून आणली होती. प्रत्येक झाडाला त्यांनी स्वभावाप्रमाणे नाव दिलं होतं. एक होती 'रुसकी', तिला पाण्याला उशीर झाला की ती पानं टाकायची. एका झाडाला नुसते काटेच काटे, ते 'अचलपूरचे मामा'. हे मामा म्हणजे त्यांचे सख्खे मामा, त्यांची ओळख पुढे होईलच. एक झाड अंगाने भरगच्च, पानं हिरवीगार, पण फूल वर्षाकाठी एखादं. त्याचं नाव 'मास्तर'. मी एकदा हळूच विचारलं, याला हे नाव कसं काय? तर म्हणाले, "आता तुमीच पाहा ना."

पण त्यांचं खरं वेड दिसायचं ते थंडीच्या तोंडाशी. गुलाबाला हिवाळ्यासाठी तयार करावं लागतं हे कुठलाही माळी सांगेल. पाणी तोडायचं, बुंध्याभोवतीची माती खुरप्याने काढून मुळ्यांना आठ दिवस ऊन दाखवायचं, जुन्या फांद्या छाटायच्या, छाटलेल्या टोकांना शेण लावायचं आणि मग कुजलेलं खत भरून पाणी सोडायचं. साहेबाचा माळी हे दसरा झाला की उरकून टाकी. माझे साडभाऊ मात्र तुळशीचं लग्न लागेपर्यंत खुरप्याला हात लावत नसत. माळी डोक्याला हात लावायचा. "वकीलसाहेब, उशीर करून राहिले तुमी," तो म्हणायचा. त्यावर यांचं उत्तर, "लेकरू काय दसरा पाहून जन्माले येते?"

कारण त्यांच्या लेखी हे बाळंतपण होतं. झाड छाटलं, म्हणजे ते बाळंत झालं. मग बाळंतिणीचं जे जे करायचं ते ते त्याचं करायचं. छाटलेल्या प्रत्येक टोकावर शेण आणि हळद, वर कापसाचा बोळा, त्यावर फडक्याची पट्टी. वारं लागू नये म्हणून. ज्या गावात लोक रस्त्यावर सांडलेलं बोंड वाकून उचलत होते, त्या गावात चाळीस झाडांच्या कानांत बोळे घातलेले पाहून येणाऱ्या-जाणाऱ्याचा जीव तुटायचा. संध्याकाळी ओवा-शेपाची धुरी. घरात डिंकाचे लाडू. एक म्हातारी सुईण चक्क मुक्कामाला. आणि दहा दिवस सोयर. देवपूजा बंद, देवळात जाणं बंद, कुणाच्या मंगलकार्याला जाणं बंद. बाराव्या दिवशी बारसं. बरं, चाळीस बाळंतपणं एका दमात सुईणीला झेपत नाहीत म्हणून दहा-दहा झाडांच्या चार तुकड्या. पहिल्या तुकडीचं बारसं झालं की दुसरीवर कात्री. असं करत करत पौष उजाडायचा. पहिल्या वर्षी त्यांच्या नांदगावच्या भाऊबंदांनी निरोप पाठवून विचारलं होतं की हे सोयर आम्हालाही पाळावं लागेल का? "ज्याची त्याची श्रद्धा," असं यांनी उलट कळवलं. त्यातल्या दोघांनी भीतीपोटी पाळलं.

यातलं अर्धं मला नंतर कळलं. अकोल्यात आमच्यापर्यंत तेव्हा यातलं काही पोचलं नव्हतं. त्यामुळे दुसऱ्या वर्षी कार्तिकात अमरावतीहून कापूस घेऊन आलेला एक ओळखीचा गाडीवान आमच्या ओट्यावर पाणी प्यायला बसला आणि तांब्या खाली ठेवत म्हणाला, "बाई, तुमच्या बहिनीच्या घरी सोयर हाये जी. सुईन बसली हाये, धुरी देऊन राहिले, लाडूचा वास त पार रस्त्यावर येते," तेव्हा माझ्या बायकोने हातातलं सूप तसंच टाकलं. अक्काच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. त्यापायी तिने काय काय ऐकलं होतं ते बायकांनाच माहीत. "पण आपल्याला कळवलं कसं नाही?" मी म्हटलं. बायको म्हणाली, "चौदा वर्षानं झालेलं लेकरू. नजर लागन म्हनून नसन कळवलं. तुमाले काय समजते?" मला खरंच काही समजत नव्हतं. तिने एका दिवसात कुंची शिवली, टोपडं शिवलं, खारकाखोबऱ्याची गाठोडी बांधली, आणि मी शाळेतून रजा काढून गाडी जुंपली. आगगाडी अजून यायची होती. सगळ्या वाटेत आमच्या पुढे कापसाच्या गाड्या, मागे कापसाच्या गाड्या, आणि मध्ये माझी बायको कुंची मांडीवर घेऊन रडत आणि हसत.

आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तेव्हा फाटकाशी आणखी एक छकडा उभा होता. त्यातून अचलपूरचे मामा उतरले होते आणि त्यांच्याबरोबर एक जरीचा फेटा बांधलेले, पोट सुटलेले गृहस्थ. साडभाऊ फाटक अडवून उभे. हाताला शेण, कमरेला खुरपं, चेहरा अगदी गंभीर.

"मामा, आत येता येनार नाही. सोयर आहे."

"अरे, झाडायचं सोयर असते का कुठी?" मामांचा आवाज तीन घरं ओलांडून जात होता. "हे पाटील कौंडण्यपूरच्या बाजूचे. पोरीचं घेऊन आले. तेरा वर्षांची पोर, सोन्यासारखी. तुह्या घरी एवढं पिकून राहिलं, उद्या खानार कोन? पयली हाये तशी राहू दे, तिले कोन काढून राहिलं? पन वंश पाह्यजे का नाही?"

मी गाडीतून सगळं ऐकत होतो. अक्कावर सवत आणायला निघाले होते, आणि घराचं दार उघडं होतं, म्हणजे आत तिला शब्दन्‌शब्द ऐकू जात असणार.

साडभाऊ शांतपणे म्हणाले, "मामा, सोयरात लग्नाचं बोलनं कोनी करते का? आज आठवा दिवस आहे. फिटलं का मंग या."

"फिटलं का दुसरं लावतं तू. मागल्या साली चार खेपा पाठवल्या मानसं, चारी वेळा सोयर," मामा म्हणाले. "पाटील, लक्ष देऊ नका. वकील मानूस हाये, उलटं बोलाची सवय. घरात लेकरूबिकरू काही नाही. मी सांगून राहिलो ना."

पाटील मान हलवत होते. मामांनी फाटकाला हात घातला होता. साडभाऊंनी कमरेचं खुरपं उपसलं होतं. वकील मुद्दा सोडून खुरप्यावर आलेला मी तेव्हा एकदाच पाहिला. आणि नेमक्या त्याच क्षणी माझी बायको गाडीतून उतरली. तिला मामा दिसले नाहीत, पाटील दिसले नाहीत, सोयर-सुतक काही दिसलं नाही. एका हातात कुंची, दुसऱ्या हातात खारकाखोबऱ्याचं गाठोडं, अशी ती दोघांच्या मधून धावत गेली आणि दारातूनच ओरडली, "अक्का, लेकरू कुठी आहे वो? पोरगं का पोरगी?"

पाटील वळले. त्यांनी कुंचीकडे पाहिलं, दारातून येणाऱ्या धुरीचा वास घेतला, ओसरीत पाय पसरून बसलेल्या सुईणीकडे पाहिलं, आणि मग मामांकडे पाहिलं.

"मायबाप," ते अगदी थंडपणे म्हणाले, "बाळंतिनीच्या घरी तुमी माही पोर द्याले आनलं मले?"

मामा सांगत होते की अहो, ती गुलाबाची झाडं आहेत, झाडं बाळंत झाली आहेत. जितकं ते खरं सांगत गेले तितके पाटील छकड्याकडे सरकत गेले. शेवटी मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या मास्तराले विचारा. शाळेतला मानूस हाये, खोटं नाही बोलनार." पाटलांनी मला विचारलं, बाळंतपणाचं खरं का? मला तोवर खरोखर काही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "मी तर बारशासाठीच अकोल्याहून आलोय." आयुष्यात इतकं उपयोगाचं उत्तर मी दुसरं दिलेलं नाही. छकडा गेला. पाटील तडक सुटले आणि वाटेत भेटेल त्याला वकिलाच्या घरी मूल झाल्याचं सांगत गेले. मामा मागोमाग चालत गेले, कारण छकडा पाटलांचा होता.

मग मला परसात नेऊन साडभाऊंनी बाळंतिणी दाखवल्या. दहा झाडं, मुळ्या उन्हात उघड्या, डोक्यांना फडकी. मी हसायला लागलो तो बसलोच जमिनीवर. "हळू, मास्तर," ते म्हणाले, "निजल्या आहेत." माझी बायको आत गेली होती. मला वाटलं आता बिचारीचा हिरमोड होणार, अक्काला त्या कुंचीने दुखावल्यासारखं होणार. ती बऱ्याच वेळाने बाहेर आली. डोळे लाल होते. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, "काही नाही. लाडू अजून लागतीन, बसा तुमी." आणि चार दिवस आम्ही तिथे राहून बारसं करूनच परतलो.

पुढे ती लढाई संपली, कापूस जमिनीवर आला, रेशमी फेटे पेटीत गेले आणि पोरींचे बापही दुसऱ्या घरांकडे वळले. मामा वारले. साडभाऊ पन्नाशीला आले तरी दर तुळशीच्या लग्नानंतर सुईण येई, धुरी पेटे, सोयर लागे. एकदा मी विचारलं, "आता कोण मुलगी घेऊन येतं? आता कशाला एवढा खटाटोप?" ते टोकाला शेण लावत होते. म्हणाले, "झाडायचं काय मास्तर, झाडं शेनावरही भागवतात." मला वाटलं, म्हातारा विषयाला बगल देतो आहे. त्या दिवशी परतताना गाडीत मी हे बायकोला सांगितलं, तेव्हा तिने अक्काकडून ऐकून इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर काढली.

पहिल्या वर्षी सुईण आणली ती केवळ दाखवायला. मामांच्या माणसांनी डोकावून पाहिलं तर घर बाळंतिणीचं दिसावं एवढ्यासाठी. पण म्हातारी कामाची. तेलाची वाटी घेऊन बसली आणि म्हणाली, "झाडाले तेल कुठी चोळू मी? बाईले बसवा माह्यासमोर." अक्का हसत हसत बसली. सुईणीने तिचं अंग चोळलं, डोक्याला रुमाल बांधला, बाजेखाली शेगडी ठेवली, हातात लाडू दिला. तेरा वर्षं दुसऱ्यांच्या बाळंतपणात अक्काला उंबऱ्याच्या आत घेत नसत. त्या दिवशी ती आधी हसली आणि मग जी रडायला लागली ती थांबेचना. साडभाऊ दाराबाहेर सगळं ऐकत उभे होते. त्यानंतर चाळीस झाडांचे लाडू दर वर्षी एकटी अक्का खात आली. मी त्या माणसाला एवढी वर्षं वेडा म्हणत होतो याची मला गाडीत बसल्या बसल्या फार लाज वाटली.

अक्का आधी गेली, पावसाळ्यात. त्या कार्तिकात मी मुद्दाम अमरावतीला गेलो. तुळशीची लग्नं लागून चार दिवस झाले होते तरी गुलाबांची माती तशीच होती, फांद्या विहिरीवर वाकल्या होत्या. साडभाऊ ओसरीत बसले होते. मी खोपटातून खुरपं काढलं आणि म्हटलं, चला, मी हाताखाली येतो, पहिली दहा आज करून टाकू.

ते म्हणाले, "राहू द्या, मास्तर. घरात बाळंतीन नाही."

गुलाब त्या वर्षीही फुलले. जरा लहान होते, इतकंच.