खाडीचं कालव

मंडळी, आज लॅबमध्ये मी चक्क ओरडले!

लाखो वर्षांपूर्वीच्या कालवाचा जीवाश्म आहे माझ्याकडे. शिंपल्यातल्या ऑक्सिजनवरून तेव्हाचा समुद्र किती खारट होता ते मी शोधते. पण मध्येच गोड्या पाण्याची खूण यायची. सर म्हणाले, "नमुना खराब आहे, सोडून दे."

काल रडवेली होऊन खारदांड्याला घरी आले. आई कालवं फोडत होती, तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "समुद्राचं कशाला गो? खाडीचं असंल. पावसात तिथं गोडं पानी येतं."

आज शिंपल्याच्या एकेका थराची पूड काढून तपासली. खारं, गोडं, खारं, गोडं. दर पावसाळा नोंदलेला!

"कुठल्या पेपरात वाचलंस?" सरांनी विचारलं.

"पेपर नाही सर, आई आहे."

आता सांगा, जन्मभर कालवं फोडणाऱ्या बाईला कुठली डिग्री द्यायची?