पिवळ्या तापाची लस आणि पहिलं बाळंतपण

खामगावात अंगणवाडी चालवली तेव्हा लसीच्या दिवशी लोकांचा न्हाणीघरापर्यंत पाठलाग केलेली बाई आहे मी. लेकराला ताप येतो म्हणून आया लपायच्या, सासवा खोटं बोलायच्या. 'मामाच्या गावाले गेलं' म्हणायच्या आणि लेकरू आतून खोकायचं. मग मी उंबऱ्यावरच ठाण मांडायचे. आणि आता म्हातारपणी मी स्वतः बाही वर करून बसले, तर डॉक्टर म्हणतो, तुम्हाला लस देता येत नाही. याला काय म्हणावं?

लेक माझी युगांडात. जावई तिथल्या साखर कारखान्यात कामाला. पहिलं बाळंतपण आमच्यात आईच्या घरी होतं, त्यात चर्चा नसते, तेव्हा लेक वेळेवर इकडे येणारच होती. पण गर्भाची वार खाली आहे, विमानात बसायचं नाही, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं. लेक फोनवर रडायला लागली. मी म्हटलं, "रडून काऊन राह्यली? तू नाही येत तर मी येते. माहेरच चालत येईल तुह्याकडं." मोठ्या तोऱ्यात बोलले.

कारखान्यातलं एक कुटुंब सुट्टीवर आलेलं होतं, त्यांच्यासोबत जायचं ठरलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लशी सांगितल्या. टायफॉइडची घ्या, पाण्यातून होणाऱ्या काविळीची घ्या, धनुर्वाताची घ्या, मलेरियाच्या गोळ्या वेगळ्या. सगळ्या सुया मी हौसेने टोचून घेतल्या. दंड दुखला की बरं वाटायचं, चला, लेकीकडे जायचं एक काम झालं. राहिली पिवळ्या तापाची. ती घेतल्याचं कार्ड नसेल तर त्या देशात शिरू देत नाहीत, आणि ती सगळीकडे मिळत नाही, नागपूरलाच जावं लागतं. शेजारीण म्हणाली, "पिवळा ताप म्हंजे कावीळच नं? मंग एवढ्या दूर काऊन? इथंच उतरवून देतेत की." तिला समजावता समजावता चहा निवला.

नांदुऱ्याहून गाडी धरून आम्ही दोघं नवराबायको नागपूरला गेलो. डॉक्टर पोरसवदा, पण नीट विचारणारा. कोणत्या गोळ्या चालू आहेत म्हणाला. मी संधिवाताची, आठवड्याला घ्यायची, तिची पट्टी दाखवली. त्याने पेन खाली ठेवलं.

"आजी, ही लस जिवंत असते. तुमच्या या गोळीने अंगाची लढायची ताकद दबलेली आहे. लसच उलटली तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"मंग अर्धी द्या," मी म्हटलं. जन्म अंगणवाडीत काढलेल्या बाईने असं बोलावं!

तो हसला नाही. म्हणाला, "लस देता येत नाही अशी चिठ्ठी देतो. काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही. पण हा ताप डास चावून होतो, आणि डास चिठ्ठी वाचत नाही, आजी."

घरी आल्यावर मी गोळी बंद केली. ताकद दाबते ना, मग नकोच ती. कोणाला काय विचारायचं? थोड्याच दिवसांत बोटं अशी सुजली की चहाची गाळणी धरवेना. यांनी ओढतच खामगावच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर चिडले असते तर परवडलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, गोळी सोडून कमीत कमी तीन महिने जाऊ द्यावे लागतात. तेव्हाही मी हो म्हणेन असं नाही. लेकीचे किती राहिले?"

दोन राहिले होते.

रात्री लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "चिठ्ठी घेऊन ये नं आई. मी मच्छरदाणी लावते. तुले घराबाहेर निघूच देत नाही." खरं सांगते, त्या वेळी मी निघाले असते. यांनी फोन घेतला आणि म्हणाले, "तुह्या मायले तिथं काही झालं तर तू ओली बाळंतीण, कोणाकडं पाहशील?"

हे स्वतः जायला तयार झाले. बाळंतिणीच्या खोलीत हे काय करणार, दाराशी बसून पेपर वाचणार? उरली विहीण. ती जानेफळला असते. माझ्याहून लहान, शेतात राबणारी, औषधाची गोळी कशी असते माहीत नाही. लग्नात आमच्या वरणात मीठ कमी पडलं म्हणून चारचौघींत बोलली होती, ते मी विसरलेले नव्हते. पहिलं बाळंतपण तिच्या हाती देणं म्हणजे आपल्याच हाताने आपलं नाक कापून देणं. दिवसभर फोन उचलत होते, ठेवत होते. संध्याकाळी लावला.

"विहीणबाई, माह्याच्यानं जाणं होत नाही. तुम्ही जाता का?"

मला वाटलं, आता टोमणा येतो.

"तो तुमचा मान आहे," ती म्हणाली. "मी कशी घेऊ?"

"मान राहू द्या. पोरगी एकटी आहे तिथं." टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

तिला लस मिळाली. एका सुईत काम झालं तिचं, साधा तापसुद्धा आला नाही. निदान डिंकाचे लाडू तरी माहेरचे जावेत म्हणून मी सामान आणलं, पण या सुजल्या बोटांनी वळणार कोण? विहीणबाई निघायच्या आधी आमच्याकडे आली आणि माझ्याच स्वयंपाकघरात पदर खोचून बसली. मी खुर्चीवरून हुकूम सोडत होते, खोबरं अजून भाजा, गूळ जास्त होईल. ती "हाव" म्हणून करत होती, आणि माझ्याहून चांगलं करत होती, ते मला दिसत होतं. न राहवून एक लाडू मी वळायला घेतला. मूठ मिटेना. लाडू ताटात फुटला. तिने तो चुरा गोळा करून आपल्या हातातल्या लाडवात घातला आणि पुढचा वळायला घेतला.

नात झाली. मायलेकी सुखरूप. यांनी व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्यासमोर धरला तेव्हा विहीणबाई पाय लांब करून पाटावर बसलेली, पायांवर पालथी नात, बाजूला वाफ येणारी बादली. मला विचारते, "ताई, टाळूवर तेल किती घालू?" चार लेकरं वाढवलेली बाई मला विचारते. मी सांगितलं. तिने तेवढंच घातलं.

मग पहिला तांब्या पडला आणि नात जी किंचाळली, मी खुर्चीतून उठले, दोन्ही हात पुढे करून. तिकडे विहिणीने तिला उचललं, टॉवेलात गुंडाळलं, खांद्यावर घेऊन थोपटलं.

"बस आता," हे म्हणाले, "गप झालं लेकरू."

झालं होतं. विहिणीच्या खांद्यावर. माझे हात मला खाली घेता येईनात.