आम्ही म्हणजे कोण?

विद्यापीठातली मुलं बाईंना कात्रीबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं 'बाई', आणि 'कात्री' जिना उतरून वळणापाशी गेल्यावर. बाईंना ते ठाऊक होतं. आपल्याला जरा कमी ऐकू येतं असं सोंग ज्याला जमतं त्याची नोकरी सुखाची होते, असं त्यांचं मत होतं.

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली, दारावर 'विद्यार्थी संधी कक्ष' अशी पाटी. शिष्यवृत्त्या, परदेशातलं सत्र, कंपन्यांमधली शिकाऊ उमेदवारी, सुट्टीतली शिबिरं, जे येईल ते भिंतीवर लागायचं. ज्याला त्यातलं काही हवं असेल त्याने मुलाखतीची तयारी बाईंकडे करायची. तयारी म्हणजे काय, तर समोरच्या खुर्चीत बसून स्वतःला सोलून घ्यायचं. उत्तरातला जास्तीचा शब्द बाई जागच्या जागी कापत.

"स्वतःबद्दल सांगा."

"मी एक मेहनती मुलगा आहे आणि..."

"मेहनती गाढवही असतं. पुढे."

मुलं रडकुंडीला येऊन बाहेर पडत, आणि निवड झाली की हसत परत येत. त्यामुळे कुणी कधी तक्रार केली नाही. सकाळी देवापुढे हात जोडताना बाई रोज एकच मागत, माझ्या हातून कुणावर अन्याय होऊ देऊ नकोस. देव ऐकतोच. आपण काय मागतोय ते आपल्याला कळतं की नाही, हा भाग वेगळा.

बाईंना एकच मुलगी. ती त्याच विद्यापीठात रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. अंगाने किरकोळ म्हणून घरात सगळे तिला बारकी म्हणत. दारासमोरच्या दारात राहणारी, पहिलीपासून तिच्याच बाकावर बसलेली मैत्रीण, तिचं नावच मुळी 'समोरची' पडलेलं. एकीला ठेच लागली की दुसरीच्या डोळ्यांत पाणी, अशी दोघींची गत.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही त्यांनी जोडीने घेतला. कापड रंगवायच्या कारखान्यामागून एक ओढा वाहायचा, त्याच्या पाण्यात काय काय उतरतं ते तपासायचं. समोरची धीट. कारखान्याच्या रखवालदाराशी हुज्जत घालून बाटल्या भरून आणायची. बारकी प्रयोगशाळेत यंत्रावर बसायची. एकदा ती जेवताना हात थांबवून म्हणाली, "आई, यंत्र शुद्ध पाण्यातही शिसं दाखवतंय. म्हणजे आजवरचे आमचे सगळे आकडे खोटे." समोरची तेव्हा तापाने अंथरुणाला खिळलेली. बारकीने एकटीने सगळे नमुने पहिल्यापासून पुन्हा तपासले. त्या दिवसांत ती घरी फक्त झोपायला येत होती.

त्याच कामावर संधी चालून आली. परदेशातली एक मोठी प्रयोगशाळा, सहा महिने, जाणं-येणं-राहणं सगळं त्यांच्याकडून, आणि काम पसंत पडलं तर पुढचं शिक्षणही तिथेच. जागा मात्र एक. अर्ज दोघींनी केला.

"आई, माझी तयारी घे ना," बारकी डबा भरता भरता म्हणाली.

"तुझी नाही घ्यायची मी."

"का गं?"

"घरच्या मुलीला आतून शिकवलं म्हणतील. तुला येतंय की सगळं. खरं ते सांग, झालं."

बारकीचे वडील चहा पीत होते. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच वाटतं," ते म्हणाले.

"तुम्ही चहा प्या. निवतोय," बाई म्हणाल्या.

समोरची रीतसर वेळ घेऊन कक्षात आली.

"प्रकल्प कुणी केला?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण? राजेसाहेब आहात?"

"नाही बाई. म्हणजे मी आणि बारकी."

"बारकी बसलीये का इथे?"

"नाही."

"मग या खुर्चीत कोण आहे?"

"मी."

"मग मी म्हण. निवडणारे 'आम्ही'ला विमानाचं तिकीट काढून देत नाहीत. त्यांच्या दृष्टीने आम्ही म्हणजे कुणीच नाही. पुन्हा. प्रकल्प कुणी केला?"

"पण बाई, अर्धं काम तिचं आहे."

"अर्धं तुझं आहे ना? मग त्या अर्ध्यावर पाय रोवून मी म्हण. खोटं होत नाही त्याने."

समोरची रडली. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "पुन्हा." शेवटी किडका दात उपटावा तसा तिच्या तोंडातून 'आम्ही' निघाला. बाईंना बरं वाटलं. पोटच्या पोरीसमोर उभी राहणारी मुलगी, पण तिलाही हातचं न राखता शिकवलं. देवाच्या दारात आपली मान ताठ, असं मनाशी म्हणत त्यांनी खोलीला कुलूप घातलं.

मुलाखतीच्या दिवशी बाईंचं काम एवढंच, की एकेकाला आत सोडायचं आणि दाराच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसायचं. तोंड उघडायचं नाही. टेबलाशी तिघे होते, मधले अध्यक्ष. बाहेरून आलेले, इथलं कुणी ओळखीचं नाही.

आधी बारकी आत गेली. अध्यक्षांनी प्रकल्पाचा अहवाल चाळत विचारलं, "यंत्र चुकतंय हे कुणाच्या लक्षात आलं?"

"आमच्या."

"आमच्या म्हणजे?"

बारकीने क्षणभर आईकडे पाहिलं. "दोघींच्या. प्रकल्प जोडीचा होता, सर."

बाईंनी मान खाली घातली. यात पोरीचं काय चुकलं? लहानपणापासून घरात ऐकलं तेच ती बोलली. मी मी करू नये, तसं बकरी करते, हे तिला सांगणारी कोण होती?

मग समोरची. तोच प्रश्न.

"माझ्या," ती म्हणाली.

"नक्की?"

"हो सर. शुद्ध पाण्यातही शिसं दिसत होतं. मी सगळे नमुने पहिल्यापासून पुन्हा तपासले." आवाज तसूभरही हलला नाही. दाराकडे तिने पाहिलं नाही.

ती गेल्यावर अध्यक्ष खुर्ची वळवून म्हणाले, "बाई, ही मुलं तुमच्या हाताखालून जातात. एक म्हणते आमच्या, दुसरी म्हणते माझ्या. खरं काय आहे?"

सगळं जिभेवर आलं होतं. समोरचीचा ताप, बारकीचा ताटावर थांबलेला हात. एक वाक्य पुरलं असतं. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला बोलता येणार नाही, सर. आधी आलेली माझी मुलगी आहे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "अशी माणसं राहिली नाहीत हो आता," अध्यक्ष भारावून म्हणाले. मग त्यांनी समोरचीच्या नावापुढे खूण केली. "जिला आपल्या कामावर बोट ठेवता येतं ती तिथे टिकेल. तुमची मुलगी गोड आहे. पण नुसती गोड."

संध्याकाळी समोरची दारात आली. आत यावं की नाही या विचारात उंबऱ्याशीच उभी.

"बारके, तू पण 'मी' म्हणायचंस ना," ती म्हणाली. "बाईंनी मला तासभर तेच घोटून घेतलं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मला वाटलं, तुला घरी सांगितलंच असेल."

"नाही ना सांगितलं. जा तू, तुला सामान आवरायचं असेल."

बाई ओट्यापाशी भांडी पुसत होत्या. एकच पातेलं त्यांनी तीनदा पुसलं. दार लागल्यावर त्या म्हणाल्या, "बारके, मला वाटलं लोक..."

"कोण लोक, आई?" बारकी म्हणाली. चिडून नव्हे. पत्ता विचारावा तसं.

समोरची विमानाने गेली. बारकी तिला सोडायला गेली नाही. घरात ती विचारल्याला उत्तर द्यायची, भाजी आणून द्यायची, वडिलांच्या विनोदाला हसायची. आईशी भांडलीही नाही. भांडली असती तर बाईंनी देवाला नारळ फोडला असता.

मग भिंतीवर एका औषध कंपनीची वर्षभराची उमेदवारी लागली, लांबच्या शहरात. त्या आठवड्यात वेळ घेतलेल्या मुलांच्या रांगेतून बारकी आत आली, दार लोटून समोरच्या खुर्चीत बसली.

"बाई, तयारी करायची आहे."

"अगं, घरी बसू की आपण."

"घरी तुम्ही घेत नाही."

बाईंनी चष्मा पुसून परत घातला. सवयीनेच त्यांनी विचारलं, "प्रकल्प कुणी केला?"

"मी."

"एकटीने?"

"बाटल्या आणून द्यायला एक मुलगी होती."

बाईंनी पुढचा प्रश्न घेतला. "घरच्यांबद्दल सांगा."

"वडील नोकरी करतात. आई याच विद्यापीठात कामाला आहे."

"इथवर पोचलात त्यात त्यांचा वाटा काय?"

"आईचा? काही नाही."

कापायला एक शब्द जास्तीचा नव्हता. बाईंनी शोधला, सापडला नाही.

"उत्तर चुकलं का?" बारकीने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "बरोबर आहे. असंच सांग."

"निघते मग. बाहेर मुलं थांबलीत," बारकी म्हणाली, आणि तिने खुर्ची नीट आत सरकवली.