शरणप्पा ‘चूक’ म्हणायला शिकतात

शुक्रवार पेठेतल्या शरणप्पांच्या मॅचिंग सेंटरमधून गिऱ्हाईक कधी नाराज होऊन गेलं नाही. एखादी बाई राणी रंगाच्या साडीवर डाळिंबी ब्लाउजपीस धरून विचारायची, "जुळतोय ना?" शरणप्पा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "बरोबर हाय की, वैनी." जन्मात त्यांनी कुणाला चूक म्हटलं नव्हतं. धंद्याला हे छान मानवलं. बायकोच्या पाठीला काही मानवलं नाही.

महानंदाची कंबर कित्येक वर्षं दुखत होती. पट्टे झाले, लेप झाले, तपासणीत काही सापडेना आणि दुखणं काही जाईना. मंद्रूपला तिच्या बहिणीच्या, रुद्राणीच्या घरी मागच्या कार्याला सगळ्या बायका चुलीपुढं रांगेनं भाकरी थापत बसल्या, आणि हिला मोठ्या मानानं प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून कोथिंबीर निवडायला दिली. ते तिच्या मनाला फार लागलं. आता रुद्राणीच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि महानंदाला त्या रांगेत, जमिनीवर बसायचं होतं.

फिजिओथेरपीच्या चेतना मॅडमनी निराळंच काढलं. "काका, दुखणं जुनं झालं की मेंदूतली पाठीची ओळख पुसट होऊ शकते. ती पुन्हा करून देऊन बघू." त्यांनी पाठीचं एक चित्र दिलं, त्यावर नंबर घातलेले ठिपके. शरणप्पांनी बायकोच्या पाठीवर बाटलीचं बूच नाहीतर पेनचं टोपण टेकवायचं. तिनं मागं न बघता नंबर सांगायचा, आणि काय टेकवलं तेही.

दुकान बंद झालं की आतल्या खोलीत अभ्यास चाले. महानंदा नंबर सांगे, शरणप्पा म्हणत, "बरोबर." ती एकदम खुशीत. मग एक दिवस मॅडमनी स्वतः टोपण टेकवलं, आणि तिला धड डावं-उजवंही सांगता येईना.

"काका, घरी सगळं बरोबर कसं येत होतं?"

शरणप्पा खाली बघत म्हणाले, "चुकली की तिचं तोंड उतरायचं, म्याडम. मग मी म्हणायचो बरोबर."

रिक्षातून घराशी उतरल्यावर महानंदा म्हणाली, "मी गिऱ्हाईक हाय का तुमचं?"

त्या संध्याकाळी शरणप्पांच्या तोंडून पहिलं "चूक" निघालं, तेही इतकं बारीक की तिला परत विचारावं लागलं. पुढचे काही दिवस ती चिडायची आणि ह्यांना घाम फुटायचा. पण हळूहळू नंबर जुळायला लागले. मॅडमनी सांगितल्याप्रमाणं ती रोज थोडा थोडा वेळ जमिनीवर बसूही लागली. आता "बरोबर" ऐकलं की तिला मनापासून आनंद व्हायचा, कारण ते खरं असायचं.

वास्तुशांतीला महानंदा रांगेत बसली. परातीत भाकरी थापल्याचा आवाज अंगणापर्यंत येत होता. शरणप्पांचं जेवणात लक्ष लागेना. ते उठून चुलीपाशी आले. "दुखतंय का गं?"

इतकी वर्षं ती "न्हाय हो, बरी हाय" म्हणत आली होती, त्यांना बरं वाटावं म्हणून. या वेळी तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पिठाचा हात मागं नेऊन कमरेवर एका जागी बोट ठेवलं.

"हितं दुखतंय थोडं. बाकीची पाठ माझी हाय. जावा, जेवा तुमी."