व्यासपीठावरचं टेबल

एखाद्या माणसाची समाजाला ओळख करून देणं ही मोठी जोखमीची, जवळजवळ पवित्र गोष्ट आहे. तालुक्याच्या गावी हायस्कुलात मराठी शिकवत असताना ही जोखीम मी बारा वर्षं उचलली. कुणाचाही सत्कार निघाला की परिचय मास्तरांनीच लिहायचा आणि वाचायचा, असा रिवाज पडून गेला होता. मी एकच परिचय तयार करून ठेवला होता. नाव आणि खातं बदललं की तो तहसीलदारालाही चाले आणि गुरांच्या डॉक्टरालाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आमच्या सरकारी दवाखान्याला अपघात विभाग मंजूर झाला आणि त्यासाठी नागपूरहून दोन तरुण डॉक्टर आले. विभागाची गरज होतीच. कापसाच्या हंगामात सरकी काढायची जिनं सुरू झाली की यंत्राच्या पट्ट्यात हात सापडलेली माणसं यायची. त्यांना दवाखान्याच्या जीपमधून बुलढाण्याला पाठवत, आणि घाट चढून होईपर्यंत सगळीच टिकत नसत. आता एक खोली रंगवली गेली, तिच्यावर पाटी लागली आणि आत शस्त्रक्रियेचं एक लांब लोखंडी टेबल आलं.

स्वागत समितीचे अध्यक्ष गावातले मोठे बागायतदार होते. त्यांनी दवाखान्याच्या अंगणात मांडव घातला. व्यासपीठाला शोभेल असं टेबल गावात मिळेना. शाळेची टेबलं डुगडुगत. म्हणून त्यांनी विभागाचंच टेबल बाहेर आणवलं आणि त्यावर जरीची चादर घातली. जीप प्रमुख पाहुण्यांना आणायला मलकापूर स्टेशनवर गेली. विभागाच्या स्वागतासाठी असा सगळा विभागच कामाला लागला होता.

आदल्या दिवशी मी दोन्ही डॉक्टरांना भेटून आलो होतो. त्यांतल्या उंच, अबोल डॉक्टरला विचारलं, शस्त्रक्रिया किती केल्या? तो म्हणाला, पाहिल्यात पुष्कळ, काहींत मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली उभा होतो. दुसरा म्हणाला, भूल देता येते. मी लिहिलं, ‘शेकडो अवघड शस्त्रक्रिया यांनी लीलया पार पाडल्या आहेत.’ परिचयात असं लिहिलं तर कुणी त्याला खोटं म्हणत नसे, कारण कुणी ऐकतच नसे.

गाडी लेट झाली. दुपारी दोन वाजता अध्यक्षांनी खूण केली की पाहुणे येईपर्यंत परिचय तरी उरकून घ्या. मी माइकसमोर ‘लीलया’पर्यंत आलो आणि फाटकातून चार हमाल एक बाज उचलून आत शिरले. बाजेवर जिनातला एक मजूर होता. कोपराच्या वर कुणाचा तरी पटका आवळून बांधला होता आणि तरी बाजेच्या सुंभातून रक्त गळत होतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो ओरडत नव्हता, याचीच जास्त भीती वाटली. मागे त्याची बायको होती. तीही त्याच जिनात कामाला असावी, तिच्या केसांत कापूस अडकला होता.

उंच डॉक्टर उठला आणि त्यानं जीप मागवली. कंपाउंडर म्हातारे होते. गाव त्यांना चाचा म्हणे. ते म्हणाले, “जीप मलकापूरले गेली साहेब. अन् घाट चढेपावतर हा राहत नाही.”

मग सगळे टेबलाकडे पाहू लागले. अध्यक्षांनी एकवार फाटकाकडे पाहिलं आणि स्वतःच चादर ओढून काढली. चाचांनी टेबलावरचे हार उचलून त्यांच्या हातात दिले. ठेवायला जागा नसल्यामुळे अध्यक्ष पुढचा तासभर चार हार घेऊन उभे होते.

टेबल आत न्यायलाही वेळ नव्हता. बाज त्याला लावून माणूस वर घेतला. चहासाठी पेटवलेल्या स्टोव्हवर चाचांनी हत्यारं उकळायला टाकली. दुसऱ्या डॉक्टरनं भुलीची बाटली आणि नाकातोंडावर धरायची जाळी आणली. उंच डॉक्टर हात धुऊन माझ्याजवळ आला.

“मास्तर, शीर बांधावी लागेल,” तो हळू म्हणाला. “मी पाहिलंय. एकट्यानं कधी केलेलं नाही.”

मी नकळत माइकवर हात ठेवला.

त्या बाईनं हे ऐकलं नव्हतं. तिनं परिचय ऐकला होता. गावात तो ऐकणारी ती पहिलीच. ती म्हणाली, “मास्तर, तुमीच तं सांगतलं आता, शेकडो केले म्हनून. मंग काऊन उभे हायेत ते?”

खरं सांगायची वेळ होती, आणि खरं सांगून तिच्या हाती काहीच लागलं नसतं. मी म्हणालो, करताहेत. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आजही नकोशी वाटते. मग तो टेबलाकडे गेला.

बाई टेबलाच्या पायाशी बसली. “हात गेला तं जिनात कोन ठेवते त्याले?” हे तिनं कुणालाच विचारलं नव्हतं.

“आधी जीव पाहू बाई,” चाचा म्हणाले, “हाताचं मंग.”

त्यांनी पटका सैल केला. रक्ताची चिळकांडी सत्कारासाठी घातलेल्या डॉक्टरच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाली. त्यानं चिमटा लावला, तो सुटला. पुन्हा लावला, पुन्हा सुटला. भूल देणारा डॉक्टर नाडी धरून म्हणाला, मंद होतेय. दोनेकशे माणसं सतरंज्यांवर बसून होती. कार्यक्रम संपला असं कुणी जाहीर केलं नव्हतं, म्हणून कुणी उठलं नाही.

तिसऱ्यांदा चिमटा सुटला तेव्हा डॉक्टरनं मागे वळून पाहिलं. चाचा त्याच्या खांद्याशी होते. “साहेब, रक्ताकडे नका पाहू,” ते म्हणाले. “बोटानं दाबत चला. थांबते कुठी, ते पाहा.”

डॉक्टरनं चिमटा ठेवला आणि बोट जखमेत घातलं. सरकवलं, दाबलं. रक्त थांबलं. बोटाच्या शेजारी चिमटा लागला आणि राहिला. त्यानं दोऱ्याच्या तीन गाठी मारल्या. मग पटका पूर्ण सोडला आणि आम्ही सगळे त्या जखमेकडे बघत राहिलो. काही झालं नाही. काही न होण्याची एवढी वाट मी कधी पाहिलेली नाही.

दोन बोटं जिनातच गेली होती. बाकीचा हात बहुधा राहील, उद्या बुलढाण्याला न्या, असं डॉक्टरनं तिला सांगितलं. तिनं विचारलं, कोनती दोन? शेवटची, म्हटल्यावर तिनं मान हलवली. तेवढ्यावर तिचं भागणार होतं.

माणसाला विभागाच्या खोलीत न्यायचं ठरलं, तर दाराला लाल फीत होती. ती प्रमुख पाहुण्यांनी कापायची होती. अध्यक्ष हार सावरत अजीजीनं म्हणाले की मागच्या दारानं न्या, तेही दार मोठं आहे. नेला. डॉक्टर मात्र पुढच्याच दारानं, फितीखालून वाकून आत गेला.

पाहुणे पाच वाजता आले. टेबल धुऊन पुन्हा चादर घातली होती. फीत कापली, भाषण झालं, नंतर भजी झाली. महिनाभरानं मी चाचांना विचारलं की त्या मजुराचं काय झालं. तीन बोटांनी कापूस धरतो म्हणाले, जिनात पुन्हा लागला. मग त्यांनी नोंदवही उघडून दाखवली. शस्त्रक्रिया झाली तेव्हा विभागाचं उद्घाटन झालेलं नव्हतं, म्हणून त्याची नोंद बाह्यरुग्णांत आहे : हाताला जखम, मलमपट्टी. अपघात विभागाच्या वहीत पहिला रुग्ण म्हणून प्रमुख पाहुण्यांचं नाव आहे. वेळ संध्याकाळी सात. तक्रार, अपचन.